जस्ताचं शिखर

हळदीच्या रानातल्या मातीत सापडलेल्या जिवाणूच्या एका एंझाइमची, म्हणजे प्रथिनाची, रचना आम्ही शोधतोय. त्याचे क्रिस्टल आम्ही सांगलीतच वाढवतो. उन्हाळ्यात लाईट गेली की 18 अंशांचा इन्क्युबेटर तापतो आणि थेंबातले क्रिस्टल डोळ्यांदेखत विरघळतात. क्रिस्टलवर क्ष-किरण टाकून डेटा घ्यायला इंदूरच्या इंडस-2 या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर, जावं लागतं.

डेटा स्वच्छ होता. पण डिटेक्टरवर उमटते ती ठिपक्यांची तीव्रता. लहरींचे फेज, म्हणजे कुठली लहर किती पुढं-मागं आहे ते, तिथंच हरवतात, आणि इलेक्ट्रॉन-घनतेच्या नकाशात अणू कुठं दिसणार हे मुख्यतः फेजच ठरवतात. शास्त्रज्ञ मॅक्स पेरुट्झ यांनी 1953 साली हिमोग्लोबिनला पारा जोडून ते मिळवण्याची वाट दाखवली. आता प्रथिनाच्या रचनेचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्ड या एआयचं मॉडेल फेझरला, म्हणजे ते डेटात बसवून फेज काढणाऱ्या प्रोग्रामला, दिलं की झालं, असं आमचे सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही.

आमचं मॉडेल बसेना. मॉडेल किती नीट बसलं हे सांगणारा फेझरचा टीएफझेड हा आकडा 8 च्या पुढं गेला तर उत्तर मिळालं असं धरतात; आमचा 5 वर अडला. मॉडेलचा पीएई तक्ता, म्हणजे त्याच्या भागांच्या परस्पर जागांत किती चूक असू शकते याचा अंदाज, पाहिला तेव्हा कारण कळलं. प्रथिनाचे दोन्ही डोमेन, म्हणजे स्वतंत्र घडी घातलेले भाग, आपापल्या परीनं पक्के, पण एकमेकांच्या तुलनेत ते कसे वळलेत याची खात्री मॉडेललाच नव्हती. जोडावर तोडलं. आधी मोठा डोमेन शोधला, मग लहान. टीएफझेड 14!

“सर, नकाशा किती छान बसलाय,” विद्यार्थिनी म्हणाली.

“बसणारच गं. फेज त्या मॉडेलचेच आहेत.”

उसन्या फेजची हीच भीती असते: चुकीचं मॉडेलही स्वतःचीच सावली नकाशात दाखवतं. म्हणून धातूसारखे अणू वेगळे दाखवणारा ॲनॉमलस डिफरन्स नकाशा काढला. 0.98 अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या क्ष-किरणांना जस्त ठळक संकेत देतं, कार्बन-नायट्रोजन जवळपास काहीच नाही. मॉडेलमध्ये धातू नव्हताच. तरी दोन हिस्टिडिन आणि एक ॲस्पार्टेट या अमिनो आम्लांच्या मधोमध उंच शिखर उभं राहिलं. फेज चुकीचे असते तर ते तिथं आलंच नसतं. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा खात्री वाटली.

एंझाइम जिथं काम करतं त्या सक्रिय जागेच्या तोंडाशी असलेल्या लूपबद्दल, म्हणजे प्रथिनाच्या सैल वळणाबद्दल, मात्र ती खात्री अजून नाही. मॉडेलमधून तो वगळून नकाशा काढला की तिथं तुटक ठिपके उरतात. मोकळी जागा पाहून परीक्षक नाक मुरडतात, म्हणून ‘भरून टाका’ असा सल्ला मिळतोय. असे भरलेले लूप पुढं औषधं शोधणारे खरे मानून चालतात, याचा मला राग येतो. मी तो लूप काढूनच टाकलाय. सब्सट्रेटसारखा, म्हणजे एंझाइम ज्यावर काम करतं त्यासारखा, रेणू घालून नवे क्रिस्टल लावलेत. तो आत बसला तर लूप कदाचित स्थिरावेल.