फरक ऐकू येतो का?

आमच्या नौपाड्याच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस टेबलावरचा काळा डबा बघतो, त्यावरचं चार पिनांचं सॉकेट बघतो आणि विचारतो, "माइक लावायचं आहे का हे?" नाही, हेडफोनचं आहे, आणि हा बॅलन्स्ड हेडफोन अॅम्प्लिफायर मीच घरी जोडलाय, असं सांगितलं की दुसरा प्रश्न ठरलेला: "एवढा खटाटोप करून फरक ऐकू येतो का?" याचं उत्तर मी आजवर माणूस बघून देत आले. नणंदेला "थोडा येतो", बँकेतल्या सहकाऱ्यांना "बराच येतो", आणि ज्यांचे स्वतःचे हात शिवशिवत असतात त्यांना "या एकदा, ऐकून बघा." तुम्ही मात्र हाच प्रश्न सरळ विचारलात, म्हणून सरळ सांगते.

साध्या हेडफोनच्या पिनेवर तीन कप्पे असतात. डावा, उजवा आणि दोघांत मिळून एक ग्राउंड, म्हणजे परतीची वाट. दोन बिऱ्हाडं आणि सामाईक जिना. जिन्यात एकाची पावलं दुसऱ्याला ऐकू जातात, तसं त्या सामाईक वाटेतल्या रेझिस्टन्समुळे डावीकडचं थोडं उजवीकडे झिरपतं. बॅलन्स्डमध्ये प्रत्येक कानाला स्वतःच्या दोन तारा मिळतात आणि दोन्हींमागे एकेक अॅम्प्लिफायर उभा असतो. अधिक तार वर जाते तेव्हा उणे तार तेवढीच खाली जाते. दोन कानांचे मिळून चार अॅम्प्लिफायर. व्होल्टेज दुप्पट होतं, म्हणजे ६ डेसिबल जास्त; ताकद कागदावर चौपट, करंट पुरला तर.

झिरपण्याचा हिशेब मी आधीच मांडायला हवा होता, पण डबा बनल्यावर मांडला. माझा हेडफोन सेनहायझर एचडी ६५०, ३०० ओहमचा. सामाईक वाटेत ०.१ ओहम धरला तर झिरपणारा आवाज मूळ आवाजाच्या जवळपास ७० डेसिबल खाली राहतो. ३२ ओहमच्या हेडफोनला तो ५० डेसिबल खाली. रेकॉर्ड प्लेअरच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे सुईच्या डबीत, डावं-उजवं २०-३० डेसिबलनेच वेगळं असतं आणि त्यावर लोक आयुष्यभर खूश असतात. त्यातून मी जे ऐकते त्यातलं निम्मं जुनं शास्त्रीय गायन. ती ध्वनिमुद्रणं मोनो. दोन्ही कानांत एकच आवाज असताना कोण कुठे झिरपणार?

तरी बनवला. पॉलिटेक्निकात शिकलेलं सोल्डरिंग बँकेच्या नोकरीत वीस वर्षं गंजत पडलं होतं, हे एक कारण. दुसरं म्हणजे या हेडफोनच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळी दोन पिनांची वायर लागते, त्यामुळे प्लगपर्यंत चार तारा आलेल्याच असतात. जुना प्लग कापायचा, चार पिनांचा एक्सएलआर, म्हणजे माइकसारखा गोल प्लग, लावायचा: १ डावा अधिक, २ डावा उणे, ३ उजवा अधिक, ४ उजवा उणे. अर्ध्या तासात हेडफोन तयार झाला. अॅम्प्लिफायरला पावसाळा गेला.

शनिवारी ठाण्याहून दादर, दादरहून ग्रँट रोड, आणि मग इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड. काउंटरवर यादी दिली की आतला मुलगा न बघता खोक्यांत हात घालतो. तिथेच ओपीए २१३४ या ओपअॅम्पचे, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या चिपचे, चार नग फार स्वस्तात मिळाले. दुकानाचं नाव लिहीत नाही. घरी येऊन कापसाला नेलपॉलिश रिमूव्हर लावून एकावर फिरवला तर छपाई कापसावर उतरली आणि खाली पॉलिश पेपरने घासल्याच्या बारीक रेघा दिसल्या. दुसऱ्याच कुठल्या तरी चिपचं नाव पुसून वर नवं छापलेलं. ते चारही नग कचऱ्यात टाकले आणि साधे एनई ५५३२ लावले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेला हा ओपअॅम्प मिक्सिंग कन्सोलमध्ये किती वापरला गेलाय याला गणती नाही. त्याच्या पुढे हेडफोनला करंट पुरवायला बीडी १३९ आणि बीडी १४० या ट्रान्झिस्टरांची जोडी, अशा चार जोड्या.

उणे बाजू बनवायला प्रत्येक चॅनलला अगदी सारख्या ओहमचे दोन रेझिस्टर लागतात. ते असमान झाले की दोन बाजू असमान. एक टक्क्यावाले १० किलोओहमचे शंभर रेझिस्टर, तपकिरी-काळा-काळा-लाल-तपकिरी पट्ट्यांचे, जेवणाच्या टेबलावर पसरून मुलाने आणि मी एकेक मोजला. सासूबाई वाटाणे सोलत बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुमचे दाणे तरी बरे, किडके निघत नाहीत." त्यांचा आक्षेप एवढाच होता की सोल्डरचा धूर देवघराकडे जातो. पंखा फिरवून घेतला.

आता फजिती. पॉवर सप्लायमध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारे दोन रेग्युलेटर असतात, ७८१५ अधिक १५ व्होल्टसाठी आणि ७९१५ उणे १५ साठी. दिसायला जुळे भाऊ. ७८१५ चे पाय समोरून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९१५ चे ग्राउंड, इनपुट, आउटपुट. पाठीची धातूची पट्टीसुद्धा एकाची ग्राउंडला जोडलेली, दुसऱ्याची इनपुटला. म्हणून ७९१५ डब्याला कसताना मध्ये अभ्रकाचा तुकडा घालावाच लागतो. अभ्रक मी आठवणीने घातला आणि पाय ७८१५ सारखे जोडले. नशिबाने पहिल्यांदा वीज देताना सिरीज लॅम्प लावायची जुनी सवय होती: साध्या तारेचा ६० वॅटचा बल्ब मेन्सच्या वाटेत. सगळं ठीक असेल तर तो क्षणभर चमकून मंद होतो. माझा लख्ख पेटला आणि पेटलेलाच राहिला. स्विच बंद करून ७९१५ ला बोट लावलं आणि बोट नळाखाली धरलं. बल्ब नसता तर वास थेट देवघरापर्यंत गेला असता.

दुसऱ्या खेपेला बल्ब विझला. हेडफोन लावण्याआधी मल्टीमीटरने प्रत्येक कानाच्या अधिक-उणे टोकांमधला नको असलेला डीसी मोजला: ४ मिलिव्होल्ट. हेडफोन लावला. गाणं आलं, आणि गाण्याखाली एक अखंड गुंऽऽ, म्हणजे हम.

इथे नवरा म्हणाला, "बॅलन्स्ड आहे ना? मग हम कसा?" हा गैरसमज भल्याभल्यांचा असतो, माझाही होता. स्टुडिओत माइकच्या लांबलचक बॅलन्स्ड केबलवर जे बाहेरचं येतं ते दोन्ही तारांवर सारखंच येतं आणि पुढच्या टोकाला वजा होतं. हेडफोनच्या छोट्याशा वायरवर वजा करण्याजोगं काही येतच नाही. माझा हम तर सिग्नलची अधिक-उणे फाळणी व्हायच्या आधीच, इनपुटला शिरत होता. मग तो इमानाने दोन्ही बाजूंना दुप्पट होऊन येणारच.

मोबाइलवर ५० हर्ट्झचा सूर लावला, मग १०० चा. गुणगुण ५० शी जुळली. एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतरची गडबड असती तर १०० शी जुळली असती, कपॅसिटर वाढवावे लागले असते. ५० म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र. वीज बंद करून त्याच्या सेकंडरीच्या, म्हणजे आउटपुटच्या, तारा दोन फूट लांबवल्या, ट्रान्सफॉर्मर शेजारच्या स्टुलावर ठेवला. पुन्हा चालू केलं तर शांत. इतकं शांत की खालच्या भाजीवाल्याचा आवाज हेडफोनच्या आत आला. म्हणून वागळे इस्टेटमध्ये एकाऐवजी दोन डबे करून घेतले, एकात मेन्स, फ्यूज आणि ट्रान्सफॉर्मर, दुसऱ्यात बाकी सगळं. दोन्हींना अर्थिंग.

पुढचे तीन आठवडे मी हवेत होते. तानपुरे वेगवेगळे ऐकू येतात, तबल्याच्या चाटेला धार आलीय, असं भेटेल त्याला सांगत होते. मग एका रात्री लक्षात आलं की साध्या जोडणीकडून बॅलन्स्डकडे येताना मी आवाजाची खुंटी कधी मागे घेतच नव्हते. ६ डेसिबल जास्त! जरा मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो.

तेव्हा चार पोलांचा, म्हणजे एका खटक्यात चार वाटा बदलणारा, टॉगल स्विच आणला. दोन पोल उणे तारांना, एकीकडे अॅम्प्लिफायर आणि दुसरीकडे ग्राउंड. उरलेले दोन इनपुटवर, बॅलन्स्ड असताना सिग्नल निम्मा करायला. १०० हर्ट्झचा सूर लावून (आपल्या साध्या मल्टीमीटरचा एसी काटा वरच्या सुरांना भरवशाचा नसतो) प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर) फिरवत दोन्हीकडे अर्धा व्होल्ट आणला, फरक पाच मिलिव्होल्टच्या आत. डबा मुलाच्या हातात दिला आणि मी पाठ करून बसले. तो नाणं उडवायचा, छापा-काट्याप्रमाणे टॉगल ठेवायचा आणि मी सांगायची. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्याने वीस खुणा केल्या. त्यातल्या अकरा बरोबर.

"आई, नाण्याला विचारलं असतं तर दहा आल्या असत्या," तो म्हणाला.

तर माझ्या घरात, माझ्या हेडफोनवर, माझ्या कानांना फरक ऐकू येत नाही. तुमचा हेडफोन कमी ताकदीला दाद न देणारा प्लॅनर जातीचा असेल, किंवा अॅम्प्लिफायर बॅटरीच्या जेमतेम व्होल्टेजवर चालत असेल, तर दुप्पट व्होल्टेज खरंच कामी येईल. एचडी ६५० ला १ व्होल्टवर १०३ डेसिबल मिळतात. त्याला एक साधा ५५३२ आणि कानाला ट्रान्झिस्टरांची एकेक जोडीच पुष्कळ होती. आणि बनवलातच, तर चार पिनांवरून साध्या तीन कप्प्यांच्या सॉकेटवर आणणारं अडॅप्टर घरात ठेवू नका. ते दोन्ही उणे आउटपुट एकमेकांवर शॉर्ट करतं. मेहुणा एकदा घेऊन आला होता, दारातच काढून घेतलं.

डबा मोडला नाही. रोज रात्री भांडी आवरून झाली की तासभर ऐकते. टॉगल अजून पुढच्या पट्टीवर आहे. पावडर कोटिंगनंतर त्याच्या दोन बाजूंना नावं घालायची राहिली, आणि आत्ता हे लिहिताना तो कुठल्या बाजूला आहे ते मला झाकण उघडल्याशिवाय सांगता येणार नाही.