ओसाकातली डाँकी काँगची खाणगाडी आणि फुकटच्या चिठ्ठीचे पैसे

जपानची तिकिटं इथूनच एजंटकडून काढणार असाल तर आधी हे वाचा. ओसाकाच्या युनिव्हर्सल स्टुडिओज या थीम पार्कमध्ये निन्टेन्डो या व्हिडिओ गेम कंपनीच्या खेळांवर बेतलेला सुपर निन्टेन्डो वर्ल्ड नावाचा जो भाग आहे, त्यात शिरायला वेगळे पैसे पडत नाहीत. गर्दीच्या दिवशी वेळेची चिठ्ठी लागते, आणि ती पार्कात शिरल्यावर पार्कच्याच ॲपवर मोफत निघते. आमच्या एजंटने याच चिठ्ठीचे ‘निन्टेन्डो एन्ट्री’ म्हणून माणशी दोन हजार रुपये लावले. वर लांब रांग टाळून राइडला बसवणारा महागडा एक्स्प्रेस पास गळ्यात मारला. "मॅडम, यात सगळं आलं," हे त्याचं वाक्य. पासावर चार राइडची नावं होती आणि त्यात निन्टेन्डोची एकही नव्हती. मावसभाचा गेटवरच पास वाचून म्हणाला, "मावशी, यात डाँकी काँग कुठंय?" (डाँकी काँग म्हणजे निन्टेन्डोच्या खेळांतला वानर, खाणगाडीची राइड त्याच्याच नावाची.) एजंटला फोन लावला, तर भारतात पहाटेचे साडेचार वाजलेले. अर्थातच उचलला नाही.

तर एक्स्प्रेस पासाबद्दल एकच सांगते. एकाच नावाखाली त्याचे कितीतरी प्रकार विकतात आणि प्रत्येकात राइड वेगळ्या असतात. ‘चार राइड’ या शब्दांना काडीचा अर्थ नाही, कोणत्या चार ते विचारा. निन्टेन्डोची राइड असलेल्या पासाबरोबर त्या भागात शिरण्याची वेळ ठरवूनच मिळते, तेव्हा पासावर वेळ छापलेली नसेल तर तिथेच थांबा आणि पैसे देऊ नका. पासाची किंमत तारखेप्रमाणे बदलते आणि बऱ्याचदा मूळ तिकिटापेक्षाही जास्त निघते.

चिठ्ठी काढायची रीत अशी. ॲप घरीच उतरवून ठेवा. सगळ्यांच्या तिकिटांचे क्यूआर कोड एकाच फोनमध्ये नोंदवा. एजंट सगळी तिकिटं एका पीडीएफमध्ये पाठवतात. ती छापून न्या, म्हणजे गेटवर उन्हात फोनवरून फोनवर स्कॅन करत बसावं लागणार नाही. तुमच्यातला प्रत्येक जण आत आल्याशिवाय चिठ्ठी निघत नाही, म्हणून कुणी बाहेर फोटो काढत रेंगाळत असेल तर त्याला ओढून आणा. गेट जाहीर वेळेच्या बरंच आधी उघडतं, त्यामुळे ‘नऊची वेळ आहे, नऊला पोचू’ हा हिशेब विसरा. आम्ही लवकर पोचलो होतो, तरी एजंटच्या भानगडीत वेळ गेला आणि दुपारची वेळ मिळाली. चिठ्ठ्या संपल्या की लॉटरी, आणि लॉटरीवर परदेशातली सहल बेतायची नसते. एकदा आत शिरलात की कितीही वेळ थांबा, पण त्या चिठ्ठीवर बाहेर पडून परत शिरता येत नाही. खाणंपिणं, स्वच्छतागृह, सगळं उरकूनच आत जा.

आता राइड. हिरव्या पाइपातून आत गेलं की समोर निन्टेन्डोच्या खेळांतला नायक मारिओ याचा रंगीबेरंगी पसारा असतो आणि नव्वद टक्के लोक तिथेच तोंड उघडं टाकून उभे राहतात. तुम्ही राहू नका. डाँकी काँगचं जंगल एका बोगद्यापलीकडे आहे. मूळ भाग मार्च २०२१मध्ये उघडला, हे जंगल ११ डिसेंबर २०२४ला त्याला जोडलं. (खरं तर मारिओच डाँकी काँगच्या घरचा. तो पहिल्यांदा दिसला तो १९८१च्या डाँकी काँग खेळातच.) तिथल्या खाणगाडीच्या रांगेचा बराच भाग कंटाळवाणा आहे. देवळासारख्या इमारतीत पोचेपर्यंत सजावट बघून घ्या, नंतर पायच बोलायला लागतात.

डाँकी काँगच्या १९९४च्या खेळात खाणीतल्या गाड्या तुटलेल्या रुळांवरून उड्या मारत जायच्या. ती उडी खरी वाटावी म्हणून इथल्या खाणगाडीत फसवाफसवी केली आहे. डोळ्यांना दिसतो तो रूळ खोटा. गाडी ज्याच्यावर धावते तो खरा रूळ खाली लपवलेला असतो आणि गाडीला त्याच्याशी जोडणारा हात नजरेला पडत नाही. हे मला आधी माहीत होतं. तरीही समोरचा रूळ संपलेला दिसला आणि गाडी थांबायची लक्षणं नाहीत म्हटल्यावर मी पुढचा दांडा असा धरला की बोटं पांढरी पडली. पोटात खड्डा पडला, आणि पुढच्या क्षणी आम्ही पलीकडच्या रुळावर होतो. भाचा ओरडत होता, मी त्याच्याहून जोरात.

पण धक्के! ‘लहान मुलांची राइड आहे हो, मारिओ म्हणजे काय’ असं सांगणाऱ्या सगळ्या व्हिडिओवाल्यांना एकदा माझ्या कमरेशी बोलायला लावलं पाहिजे. उंची फार नाही, वेग फार नाही, उलटंपालटंही काही नाही. पण गाडी जुनाट खाणीतली वाटावी म्हणून ती मुद्दाम खडखडवली आहे. एस.टी.च्या शेवटच्या सीटवरून घाट उतरल्यासारखं वाटतं. मणक्याचा किंवा मानेचा त्रास असेल तर बाहेर थांबून फोटो काढा, त्यात कमीपणा काही नाही. बाकीच्यांनी पाठ सीटला टेकवून ठेवा आणि हात वर करण्याचा शहाणपणा करू नका. एका गाडीत चार जण, दोन रांगांत बसतात. पुढची रांग मिळाली तर सोडू नका. मागून पुढच्यांची डोकीच दिसतात आणि तुटलेल्या रुळाची गंमत निम्मी होते.

मारिओ कार्टची राइड डोक्याला चष्मा लावून खेळायची आहे, मला घामाचा चष्मा आणि गोंधळ एवढंच आठवतं. भाच्याला आवडली. मारिओचा डायनासोर दोस्त योशी याची राइड अगदीच सौम्य, पाय दुखत असतील तर बसायला बरी. मनगटाला बांधायचा पॉवर-अप बँड सुरुवातीला ३,२०० येनला मिळायचा, आता त्याहून बराच महाग झाला आहे. राइडला बसायला तो लागत नाही. ठोकळ्यांवर मुठी मारून नाणी गोळा करण्यात ज्यांना रस आहे त्यांनीच घ्यावा, आणि घरटी एकच. क्योटो, नारा वगैरे उरलेली सहल उत्तम झाली, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

पोचायचं सोपं आहे. ओसाका लूप लाइनने निशिकुजोला उतरा, तिथून युमेसाकी लाइनने युनिव्हर्सल सिटी स्टेशन. पार्क बंद व्हायच्या वेळी परत निघालात तर प्लॅटफॉर्मवर मुंगीला जागा नसते, तेव्हा अर्धा तास आधी निघा किंवा बाहेरच्या हॉटेलांत आरामात जेवून मग या. आणि खाणगाडीला जेवणानंतर लगेच बसू नका. माझ्या बहिणीने ऐकलं नाही, पुढचा तासभर ती बाकावर डोळे मिटून बसली होती.