तुम्ही विचारलंत म्हणून: खरंच वाटतं का तसं?

ऑफिसात, सोसायटीत, एकदा तर शेअर रिक्षातसुद्धा मला हा प्रश्न आलाय, की तुम्ही ख्रिस्ती लोक उठसूट "देवाचे उपकार" म्हणता ते खरंच वाटतं म्हणून, की सवयीने? आणि घरात काही वाईट चाललेलं असलं तरी? खवचटपणे फार कुणी विचारत नाही, म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

खरं सांगू का, बऱ्याचदा वाटत नाही.

एक तर आपल्या मराठीत उपकार हा शब्दच जड. उपकाराचं ओझं, उपकार फेडणं, "तुझे उपकार नकोत मला". घरात कुणाला थँक्यू म्हणालं तर लगेच "फार शहाणी झालीस". आणि आभारप्रदर्शन म्हणजे काय तर कार्यक्रमाच्या शेवटी, जेव्हा अर्धे लोक चहाकडे निघालेले असतात आणि उरलेले चपला शोधत असतात. बायबलमधला पौल, ज्याने ठिकठिकाणच्या ख्रिस्ती लोकांना पत्रं लिहिली, तो उलटं करतो, बऱ्याच पत्रांत नमस्कारचमत्कार झाले की आधी आभार, मग बाकीचं. गलतीकरांच्या पत्रात मात्र नाही, तिथे स्वारी इतकी भडकलेली की आभारबिभार सोडून थेट झापायलाच घेतलंय. मला ते पत्र त्यासाठीच आवडतं.

ज्या वचनावरून हा सगळा प्रश्न निघतो ते पण त्याचंच, थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रातलं, "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा". इसवी सन ५० च्या आसपासचं पत्र, आणि ज्यांना लिहिलं त्यांचा छळ चालू होता, त्यांच्यातली काही माणसं गेलेली होती. आता शाळेत बाईंनी सप्तमी घोकून घेतलेली आठवा, त, ई, आ. "स्थितीत" आहे, "स्थितीबद्दल" नाही. मूळ ग्रीकमध्ये पण "त"च आहे. म्हणजे आजार दिलास म्हणून थँक्यू असं म्हणायला इथे कुणी सांगितलेलं नाहीये, आजार घरात बसलेला असताना त्यातच बसून कशाकशाचे आभार मानता येतात ते बघायचंय.

हा फरक आमच्या लोकांनाही कळतोच असं नाही हं. पप्पांना अर्धांगवायू झाला तेव्हा भेटायला आलेले एकजण खुर्चीत बसल्याबसल्या म्हणाले, ताई आभार माना, प्रभू कसोटी बघतोय. मी आत जाऊन गॅस उगाचच पुसत उभी राहिले, नाहीतर काहीतरी बोलले असते. आईने त्यांना चहा दिला. आई कुणालाही चहा देते.

पण शिकले मी आईकडूनच. आमच्याकडे नगरला फ्रिजच्या बाजूला कालनिर्णय, त्यावर दुधाचा हिशोब, तुमच्याकडे पण असेल. रोजच्या चौकोनात "१ लि", भैय्या आला नाही की "खाडा". पप्पांच्या आजारपणात आईने त्याच चौकोनात दुधाच्या खाली बारीक अक्षरात एकेक गोष्ट लिहायला सुरुवात केली, कुणी सांगितलं नव्हतं, जागा होती म्हणून असेल. "नळाला पाऊण तास पाणी." "ह्यांनी आपणहून कूस बदलली." "लाइट गेली नाही." एके दिवशी नुसतं "मेथी स्वस्त". ह्यात भक्तिभाव कुठे दिसतो सांगा. पण रोज रात्री औषधं देऊन झाली की पेन घेऊन उभी राहायची आणि दिवसभरात काय बरं झालं ते आठवायची, कधी कधी दोन मिनिटं नुसतीच उभी. माझी वसईची कॅथलिक मैत्रीण म्हणते की हे आमच्याकडे इग्नेशियस लोयोला ह्या संताने सोळाव्या शतकातच शिकवलंय, झोपण्याआधी दिवसाची उजळणी करायची आणि सुरुवात आभाराने, चुका नंतर. आईला इग्नेशियस माहीत नाही, आम्ही प्रोटेस्टंट.

तर माझं उत्तर एवढंच की आधी वाटून मग म्हणणं असं माझ्याबाबतीत क्वचितच होतं. आधी शोधायचं, लिहायचं, वाटलं तर वाटलं. मी आता पुण्यात माझ्या कॅलेंडरवर तेच करते, आणि माझे खाडे आईपेक्षा कितीतरी जास्त आहेत. त्याची लाज वाटायची आधी. मग बायबलमधलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं, ज्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसता आक्रोश आहे आणि शेवट पण अंधारातच, आभाराची एक ओळ नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहेच की, कुणी काढून टाकलं नाही.

पप्पा गेल्यानंतर बऱ्याच महिन्यांनी घर आवरताना ते कालनिर्णय हातात आलं. माती दिली त्या दिवसापासून नऊ चौकोन कोरे. दूध नाही, खाडा नाही, काहीच नाही. दहाव्या चौकोनात "अर्धा लि", आणि खाली "वहिनींनी गरम भाकरी आणून दिली". त्या अर्ध्या लिटरकडे मी बराच वेळ बघत बसले. मग आईला विचारलंच, की मधले नऊ दिवस तू काहीच का नाही लिहिलंस.

आई भांडी पुसत होती. म्हणाली, "तेव्हा दूध बंद होतं ना गं."