खाता येतं!

शनिवारी समोर बसलेल्या आजोबांनी बशी पुसून चकाचक केली, काटा-सुरी आडवी ठेवली आणि वाढणाऱ्या मुलीला म्हणाले, "कान मर एस्सा." खाता येतं. बस्स, एवढंच. मला त्या मुलीबद्दल इतकं वाईट वाटलं की तिने न विचारताच मी "अप्रतिम, फारच सुंदर" सुरू केलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बिल कमी करून मागतेय.

जागा म्हणजे जर्मनीतल्या श्वाबेन प्रांतात, श्टुटगार्टबाहेर, रेम्स नदीच्या खोऱ्यातल्या एका द्राक्ष बागायतदाराचं घर. अशा ठिकाणाला इथे 'बेझन' म्हणतात, म्हणजे झाडू. दारावर झाडू टांगलेला दिसला की समजायचं, घरची वाइन आणि साधं जेवण मिळेल. वर्षातून फक्त 4 महिने, खुर्च्या जास्तीत जास्त 40. हे सगळं कायद्यात बसवलेलं. अनोळखी माणसांना खेटून बाकावर बसायचं आणि दुसऱ्याच्या बशीत खुशाल डोकवायचं. पंगतीत वाढलेल्या माणसाला यात नवल नाही.

माझ्या बशीत केझश्पेत्स्ले होते: अंडं घातलेल्या पिठाचे बुटके, वेडेवाकडे तुकडे, त्यावर वितळलेलं चीज आणि तळलेला कांदा. आजोबांनी वाकून निरखलं आणि जाहीर केलं, "हाताने खरवडलेत." सैलसर पीठ लाकडी फळीवर पसरून सुरीने उकळत्या पाण्यात खरवडायचं, ही खरी पद्धत. सोऱ्यासारख्या यंत्रातून दाबले की सगळे एकसारखे निघतात, म्हणजे नापास. शेजारच्या बाईंचं म्हणणं, सोऱ्या वाईट नाही, नोकरी करणाऱ्या माणसाला वेळ कुठे असतो? यावर वीस मिनिटं! मग गाडी बटाट्याच्या सॅलडवर. ते ढवळताना पचपच वाजलं पाहिजे. मेयोनीज? ते म्हणे उत्तरेकडचे लोक घालतात. ('म्हणे'मधला सूर आपल्याकडच्या आमटीच्या भांडणांत ऐकलाय मी.) ही पचपच बहुतेक ठिकाणी मांसाच्या रश्श्याची असते, हे मला इथे दोन वर्षं काढल्यावर कळलं. आई, तू वाचत असशील तर हे वाक्य सोडून दे.

हे सगळं मालकीण चार हात अंतरावर उभी असताना. आणि कौतुक? इथली म्हणच आहे, "नेट ग्शिम्फ्ट इश ग्लोप्ट ग्नुग": नावं ठेवली नाहीत ना, मग तेच कौतुक. मला याचा राग येतो. जेवणापुरतंच नाही, ऑफिसात तीन महिने राबून केलेल्या कामावरही साहेब "पास्ट" म्हणतात. चालेल. अरे, चालेल काय? आपण पाहुण्याकडे आमटीत मीठ नसलं तरी "छान झालीय" म्हणतो, ते आमटीसाठी नसतंच मुळी, ओट्याशी दोन तास उभ्या असलेल्या बाईसाठी असतं. यात खोटेपणा कसला?

आता हॉटेलात वेटरला "मस्त होतं" सांगून रिक्षात बसल्यावर पनीरचं पोस्टमॉर्टमही आपणच करतो, ते सोडा.

आणि आमचे अण्णा. "आज मीठ बरोबर आहे," हा त्यांचा सर्वोच्च पुरस्कार, तोही वर्षातून दोनदा. आई भाकरी थापता थापता कान तिकडे लावून असायची. त्यांना आम्ही तिरसट म्हणायचो. तेच इथे एका अख्ख्या प्रांताने केलं की त्याला स्वभावाचा साधेपणा म्हणायचं! मी तरी नाही म्हणणार.

आजोबांचं बिल 24 युरो 40 सेंट झालं. त्यांनी टीप धरून "27" म्हणत नोटा पुढे केल्या, झाडू पुन्हा कधी लागणार ते विचारलं आणि खिशातल्या डायरीत तारीख लिहून घेतली. कोट चढवताना माझ्याकडे वळले.

"तुम्ही मघाशी अप्रतिम म्हणालात. पण तुमचा कांदा तर नरम होता."

नरमच होता. कुरकुरीत हवा होता.