पैसे होते, तरीही कार्डाचे पेमेंट परत गेले

दोन वर्षांपूर्वी माझ्या क्रेडिट कार्डाचे पेमेंट बँकेतून परत गेले, आणि मला सर्वांत जास्त लागले ते हे की खात्यात पैसे दिसत होते. बिल 18,400चे होते, आदल्या रात्री ॲपवर शिल्लक 21,000 होती आणि ऑटोपे (बिल खात्यातून आपोआप भरले जाण्याची सोय) लावलेले असल्यामुळे मी निर्धास्त होते. दुसऱ्या दिवशी 'अपुरी शिल्लक' असा संदेश आला. चौकशी केल्यावर कळले, की त्या रकमेतले 5,000 मी दोनच दिवसांपूर्वी भरलेल्या चेकचे होते आणि तो चेक अजून वटलेला नव्हता.

तेव्हापासून मी खाते उघडल्यावर एकूण शिलकीकडे पाहत नाही, तिच्याजवळच लहान अक्षरांत लिहिलेली वापरण्यायोग्य शिल्लक पाहते. न वटलेले चेक, डेबिट कार्डावर कुणी अनामत म्हणून अडवून ठेवलेली रक्कम, केलेला पण अद्याप खात्यातून वळता न झालेला खर्च, या सगळ्यांमुळे दोन आकड्यांत बराच फरक पडू शकतो आणि पेमेंट मंजूर करताना बँक साधारणपणे वापरण्यायोग्य शिलकीचाच आकडा विचारात घेते.

परत गेलेले पेमेंट महाग पडते, कारण दंड दोन्हीकडून लागू शकतो : बँक पेमेंट परत केल्याबद्दल आकारते आणि कार्ड कंपनी ते न मिळाल्याबद्दल. मधल्या काळात देय तारीख उलटली, तर विलंब शुल्क आणि व्याज सुरू होते, आणि नव्या खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदतही बहुतेक कार्डांवर पूर्ण थकबाकी फिटेपर्यंत बंद राहते. आणखी एक बाब सहसा लक्षात येत नाही. पेमेंट पाठवताच कार्डाची मर्यादा मोकळी झालेली दिसते, पण ते पेमेंट परत गेले की ती पुन्हा आवळली जाते. तोवर आपण त्या भरवशावर खरेदी केली असेल, तर मर्यादा ओलांडली जाण्याचीही वेळ येते.

माझ्या मते बहुतेक वेळा चूक पैशांची नसते, तारखांची असते. पगार महिन्याच्या 1 तारखेला आणि कार्डाची देय तारीख 28 असेल, तर खाते सर्वांत रिकामे असताना सर्वांत मोठी रक्कम वळती होते. अनेक कार्ड कंपन्या विनंती केल्यास देय तारीख बदलून देतात, हे मला फार उशिरा समजले. मी ती पगारानंतर आठवडाभराने घेतली, म्हणजे पगार एखाद्या सुट्टीमुळे लांबला तरी अडचण येत नाही. घरभाडे, कर्जाचा हप्ता आणि विम्याचा हप्ता यांच्या तारखाही एकदा कागदावर एकाखाली एक लिहून पाहाव्यात. माझे तीन हप्ते एकाच दिवशी येत होते, हे मला तो कागद समोर आल्यावर दिसले.

ऑटोपे किमान देय रकमेवर लावले आहे की एकूण देय रकमेवर, हेही तपासावे. किमान रकमेवर लावल्यास पेमेंट परत जाण्याचा धोका कमी होतो, मात्र उरलेल्या रकमेवर व्याज चढते. म्हणून मी एकूण रकमेवरच ठेवते आणि बिल आले की तेवढे पैसे खर्चाच्या खात्यातून वेगळ्या खात्यात टाकते. त्या खात्याला डेबिट कार्ड जोडलेले नाही, त्यामुळे ते पैसे चुकून खर्च होत नाहीत. शिल्लक ठरावीक आकड्याखाली गेली की संदेश यावा, अशी सूचनाही लावून ठेवली आहे. जुने बँक खाते बंद करायचे असेल, तर आधी कार्डाचे ऑटोपे नव्या खात्यावर न्यावे आणि तिथून एक पेमेंट सुरळीत गेल्याचे पाहूनच जुने बंद करावे.

इतके करूनही पेमेंट परत गेलेच, तर आधी कारण वाचावे. अपुऱ्या शिलकीमुळे परत गेलेले पेमेंट काही ठिकाणी आपोआप पुन्हा प्रयत्नात घेतले जाते, त्यामुळे घाईने हाताने पैसे भरण्यापूर्वी तसे होणार आहे का हे विचारावे, नाहीतर रक्कम दोनदा वळती होते. मी तेव्हा त्याच दिवशी कार्ड कंपनीला फोन केला, आधीचा स्वच्छ हिशोब दाखवून दंड माफ करण्याची विनंती केली आणि कंपनीने तो माफ केला; बँकेने मात्र स्वतःचे शुल्क परत केले नाही.