सहावा नग: फोकस कुठे गेला?

मी थ्रीडी प्रिंटरवर छापून बनवते त्या 6×6 सेंमी फ्रेमच्या फिल्म कॅमेऱ्याचा हा सहावा नग. शनिवारी त्यातला रोल धुतला. आधी आनंदाची गोष्ट: पाठीमागच्या, फ्रेमचा आकडा वाचायच्या लाल खिडकीचा डाग गेला! बाराही फ्रेममध्ये मधला गोल धुरकटपणा कुठेच नाही. ती खिडकी मुळात लाल रंग न दिसणाऱ्या ऑर्थो फिल्मच्या काळातली. आपण वापरतो त्या एचपी-5 फिल्मला लाल दिसतो, म्हणून तिथून आलेला उजेड डाग पाडायचा. सरकती झडप आणि खाली मखमलीचं अस्तर, एवढ्याने काम झालं.

पण चेहरे सगळे मऊ, म्हणजे अस्पष्ट. नऊ पोर्ट्रेट, एकाच्याही पापण्या दिसत नाहीत.

पहिले दोन दिवस मी शटरच्या धक्क्याला दोष दिला. केबल रिलीज बदलली, ट्रिपलेटचं (तीन भिंगांच्या लेन्सचं) मधलं भिंग उलटं बसलंय का तेही उघडून पाहिलं. तिसऱ्या रात्री लुपखाली, म्हणजे मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली, सातवी फ्रेम धरली आणि थबकले. काकांचा चेहरा मऊ, पण त्यांच्या मागच्या भिंतीवरच्या कालनिर्णयातले आकडे लख्ख! म्हणजे हात हलला नव्हता, फोकसच मागे सरकला होता.

गच्चीवर टेप पसरली, अर्ध्या अर्ध्या मीटरवर काड्यापेट्या उभ्या केल्या, फिल्मच्या जागी घासलेली काच लावली. कॅमेरा 3 मीटरला बांधलेला. स्पष्ट दिसली ती साडेपाच मीटरवरची पेटी. मग व्हर्नियर लावला: लेन्स धरणारी पुढची पाटी 0.9 मिमी आत दबलेली. 75 मिमीच्या लेन्सला 3 मीटरसाठी अनंताच्या फोकसपासून जेमतेम 1.92 मिमी पुढे यावं लागतं, त्यातला जवळजवळ अर्धा गेला. गणित अचूक जुळलं तेव्हा इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट जेवले.

कारणही आठवलं. रोल भरायच्या आदल्या दिवशी, ऐन मे महिन्यात, खंडेराव मार्केटबाहेर स्कूटरच्या डिकीत कॅमेरा दुपारभर पडला होता, वर भाजीची पिशवी. कॅमेरा ज्यातून छापला ते पीएलए प्लास्टिक साधारण 60 अंशांना नरम पडतं. बडोद्याच्या उन्हात बंद डिकीला तेवढं तापायला किती वेळ लागणार!

दुसरं प्लास्टिक, पीईटीजी, 80 अंशांपर्यंत टिकतं, पण मागवलेलं रीळ दमट निघालं, थरांत बुडबुडे. त्या दुकानातून पुन्हा घेणार नाही. एएसए हे तिसरं प्लास्टिक 100 अंशांपर्यंत जातं, मात्र छापताना कोपरे उचलले जातात आणि प्रिंटरभोवती बंद पेटी लागते. तरी पेटी बांधायची असंच ठरवलं होतं, कालपर्यंत.

हे लिहिताना समोर सासऱ्यांचा क्लिक-थ्री कॅमेरा आहे. आपल्या बडोद्यातच, न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये बनलेला. 2024 मध्ये जपानच्या रिकोने पेंटॅक्स 17 हा फिल्म कॅमेरा आणला तेव्हा आपल्यातल्या एकाने विचारलं होतं, आता तुझा कॅमेरा कोण घेणार? तो 35 मिमी फिल्मवर नेहमीच्या निम्मी फ्रेम घेणारा कॅमेरा, छान आहे, आणि त्यांच्याइतक्या नेमकेपणाने मी कधीच छापू शकणार नाही. इंग्लंडच्या इंट्रेपिड कंपनीने 4×5 इंची फिल्मचा, प्लायवुडचा हलका कॅमेरा काढला, मोठ्यांनी सोडून दिलेल्या जागेत पाय रोवले. आपली जागा 6×6 ची, आणि चार स्क्रू काढले की गावातल्या गावात दुरुस्त होणाऱ्या कॅमेऱ्याची. मग मोठ्यांसारखं प्लास्टिक करायचा हट्ट मी का धरलाय?

संखेडा! खरादी (लेथवर लाकूड कातणारे कारागीर) सागाचे पाय, पाळणे फिरवतात ते संखेडा, तासा-सव्वा तासावर. कॅमेऱ्याचा पुढचा, लेन्सचा शंकू तिथे लेथवर काढून घ्यायचा. लाकूड पावसाळ्यात हलतं हे खरं, पण हलतं ते आडवं. रेषांच्या दिशेने, अगदी ओलं असल्यापासून पूर्ण सुकेपर्यंतसुद्धा, फार तर 0.1 ते 0.2 टक्के. रेषा लेन्सच्या अक्षाला समांतर ठेवल्या तर 60 मिमीच्या शंकूत 0.1 मिमीच्या आसपास फरक, तोही मुरलेल्या सागात आणखी कमी. वर ती मरून-सोनेरी लाख! असा कॅमेरा जपानमधून येणार नाही.

बंद पेटीचा बेत रद्द. मागचा भाग पीईटीजीचाच, दुसऱ्या दुकानातून. आज एका खरादीभाईंना फोन केला. जुन्या चौकटीच्या सागातून दोन शंकू रविवारपर्यंत देतो म्हणाले. मग विचारलं, "बेन, आतूनही लाख चढवू ना?" आत नको म्हटलं, लाख चकाकते. आतला मॅट काळा मी घरी देणार आहे.