पिट्सबर्ग ते अल्टूना: पायरेट्सच्या पुढच्या संघाला भेटायला

पिट्सबर्गमध्ये कुणाशीही बेसबॉलचा विषय काढा, दोन-तीन वाक्यांत माणूस चालू संघ सोडून अजून संघात न आलेल्या पोरांकडे वळतो. ऑगस्ट २०२५ सरत होता, मी मावसभावाकडे उतरले होते आणि त्याच्या घरी जेवताना रोज हाच विषय. शहराचा संघ पायरेट्स गटात तळाला होता, मोसम हातचा गेलेला होता. तरी भाची ज्या नावांवरून बापाशी वाद घालायची, त्यातली निम्मी नावं मैदानावरच्या फलकावर कुठेच नव्हती. ती पोरं पायरेट्सच्या खालच्या संघांकडून शे-दीडशे किलोमीटरवरच्या अल्टूनात किंवा त्याहून खूप लांब इंडियानापोलिसमध्ये खेळत होती.

आधी अर्थात मुख्य मैदान. पीएनसी पार्कला चालतच जावं. सामन्याच्या दिवशी रोबेर्तो क्लेमेंते पूल वाहनांना बंद असतो आणि काळ्या-पिवळ्या सदऱ्यांचा लोंढा ॲलेगेनी नदी ओलांडून थेट दारात पोचतो. आत बसल्यावर समोर नदी, पिवळे पूल आणि त्यामागे शहराच्या उंच इमारती. मैदान २००१ सालचं. इतक्या देखण्या मैदानावर इतका कमी पैसा ओतलेला संघ खेळावा, ही तिथल्या प्रत्येकाची पहिली तक्रार.

उजवीकडची भिंत २१ फूट उंच आहे, कारण क्लेमेंतेच्या पाठीवर २१ आकडा होता. पोर्तो रिकोचा हा खेळाडू ३००० हिट्स, म्हणजे बेस गाठून देणारे फटके, पूर्ण करून, ३१ डिसेंबर १९७२ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान अपघातात गेला. २०२५च्या मोसमाच्या सुरुवातीला त्याच भिंतीवरचं त्याचं २१चं चिन्ह काढून तिथे दारूची जाहिरात लावली गेली. लोक असे खवळले की ते चिन्ह परत लावावं लागलं. शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज अजून चढलेला होता. १९७९ला पायरेट्स शेवटचे वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकले, ते त्यांनी तरुणपणी पाहिलं होतं. त्यानंतर १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षं पराभव जास्त, विजय कमी. मग तीन वर्षं प्लेऑफ, म्हणजे मोसमानंतरची बाद फेरी, शेवटचं २०१५ला. पुन्हा अंधार.

आजोबांचा राग मालक बॉब नटिंग यांच्यावर. ‘सेल द टीम’ ही घोषणा मीही ऐकली, एका कोपऱ्यातून सुरू झाली आणि पसरत गेली. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, पगाराला कमाल मर्यादा नाही, त्यामुळे डॉजर्स आणि यांकीजसारखे संघ वाटेल तितका खर्च करू शकतात. पण कमी बाजारपेठेचा संघ म्हणून रडायचं आणि हाताशी आलेला माणूसही राखायचा नाही, हे लोकांना सहन होत नाही. पिचर (चेंडू टाकणारा) गेरिट कोलला २०११च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकाने निवडलं, घडवलं आणि २०१८च्या जानेवारीत ह्यूस्टनला दिलं. त्याच महिन्यात शहराचा लाडका अँड्र्यू मॅककचन सॅन फ्रान्सिस्कोला. मॅककचन २०२३ला परतला आणि त्याला मिळणाऱ्या टाळ्या ऐकल्या तेव्हा कळलं, हे लोक माणसाला विसरत नाहीत. २०२५च्या जुलैअखेर पिचर डेव्हिड बेडनार गेला, यांकीजकडे. तो पिट्सबर्गजवळच्या मार्स गावचा. माझा भाऊ एरवी शांत, पण बेडनारच्या विषयावर त्याने ताट बाजूला सारलं.

आणि तरी पिचर पॉल स्किन्स आहे. २०२३ला पहिल्या क्रमांकाने निवडलेला, २०२४च्या मेमध्ये पदार्पण, त्याच वर्षी रुकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवोदित. २०२५च्या मोसमात त्याची ईआरए, म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुका वगळून नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, १.९७वर थांबली आणि नोव्हेंबरमध्ये त्याला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कारही मिळाला. आता त्याच्या नावावर लागलेले जय-पराजय बघा: दहा जिंकले, दहा हरले. मला याहून अन्यायाचा आकडा आठवत नाही. इतकं कमी देऊनही तो दहादा हरला, कारण पायरेट्सच्या फलंदाजांनी मेजर लीगमध्ये सगळ्यात कमी होमरन (चेंडू थेट कुंपणापार) मारले. इथे सगळ्यांचं एकमत होतं: पिचर घडवता येतात, बॅटर घडवता येत नाहीत. बॅटर ओनील क्रूझवर मात्र तंटा. मेमध्ये त्याने ताशी १२२.९ मैलांनी मारलेला चेंडू नदीत गेला. वेग मोजायला सुरुवात झाल्यापासून एवढा जोरदार फटका कुणीच मारलेला नाही. पण सरासरी .२००च्या आसपास, म्हणजे पाच प्रयत्नांत एकच हिट. भाची म्हणते, ‘आत्या, तो सहा फूट सात इंचांचा आहे, त्याला वेळ द्या.’ भाऊ म्हणतो, किती? मी भाचीच्या बाजूची.

शेवटी तिच्याच हट्टाने अल्टूना. सकाळची पेन्सिल्व्हेनियन गाडी पकडली. जॉन्सटाउननंतर डोंगर सुरू होतात आणि अल्टूनाच्या अलीकडे गाडी हॉर्सशू कर्व्हला वळते, १८५४चा तो वळसा. खिडकीतून आपल्याच गाडीचं इंजिन दरीपलीकडे उलट दिशेने जाताना दिसतं. कर्जतहून खंडाळ्याला चढताना होते तशीच सगळ्या डब्यात हालचाल झाली, लोक एका बाजूच्या खिडक्यांना चिकटले. या वळणावरूनच तिथल्या संघाचं नाव कर्व्ह. पायरेट्सचा डबल-ए संघ, मेजर लीगच्या दोन पायऱ्या खाली. उजव्या बाजूच्या कुंपणामागे लेकमाँट पार्कचा रोलर कोस्टर उभा होता, तोही बघण्यासारखा.

आम्ही आलो होतो कॉनर ग्रिफिनला पाहायला. मिसिसिपीचा, २०२४च्या ड्राफ्टमध्ये नववा, २०२५च्या एप्रिलमध्ये एकोणीस पूर्ण. मोसम खालच्या पायरीवरच्या ब्रॅडेंटनला सुरू केला, मग ग्रीन्सबरो, ऑगस्टमध्ये अल्टूना. मोसमाअखेर तिन्ही ठिकाणचं मिळून सरासरी .३३३, २१ होमरन, ६५ बेस चोरलेले, म्हणजे फटक्याविना पळून गाठलेले. सव्वासहा फुटांचा मुलगा शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, उभा राहतो आणि एका झेपेत उजवीकडचा चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकतो, तेव्हा स्टँडमध्ये क्षणभर ‘ओह’ असा एकच सूर उठला. मी क्रिकेटवर वाढले, पण अशी पोच आणि असा हात एकत्र क्वचित पाहिलाय.

पुढच्या रांगेत एक बाई कागदावर स्कोअर भरत होत्या. त्यांचं मत वेगळं होतं आणि मला ते पटलं. त्यांना ग्रिफिन लगेच वर गेलेला नको होता. डबल-एचे पिचर चेंडूवर चेंडू बाहेर टाकून परीक्षा घेतात, ती इथेच होऊ दे, असं त्या म्हणाल्या. भाचीला तो २०२६च्या एप्रिलमध्येच पिट्सबर्गला हवा होता. कारण साधं आहे: स्किन्स २०२९पर्यंतच पायरेट्सच्या ताब्यात आहे, त्यानंतर तो कुठेही जाऊ शकतो. ऑगस्टमध्ये मुख्य संघात आलेला पिचर बब्बा चँडलर, स्किन्स आणि ग्रिफिन हे तिघं एकत्र खेळण्याचे मोसम मोजकेच. एक वर्ष शिकवण्यात घालवलं, तर तेवढं कमी.

मी दोघींचं ऐकून घेतलं. माझं म्हणणं असं होतं, की ग्रिफिन कधी येतो यापेक्षा त्याच्या आजूबाजूला कोण असेल हा प्रश्न मोठा. एकोणीस वर्षांच्या पोरावर एका शहराची दहा वर्षांची भूक टाकायची नसेल, तर त्या हिवाळ्यात मालकांनी दोन अनुभवी बॅटर आणावेत, पैसे मोजून. स्किन्सशी दीर्घ कराराचं बोलणं लगेच काढावं, २०२८ची वाट न बघता. भावाला हे पटलं, फक्त होईल यावर त्याचा विश्वास नव्हता. भाचीने २०२६च्या एप्रिलमधल्या पहिल्या घरच्या सामन्याची तिकिटं मात्र तेव्हाच मागून ठेवली, आणि त्यात एक माझंही.